टूल्स काढून टाकायला सांगणाऱ्या परिपत्रकाबद्दल कुलगुरूंना खुले पत्र

प्रति,
माननीय कुलगुरू, विद्यापरिषदेचे सन्माननीय सदस्य आणि संगणक अभियांत्रिकी विभागप्रमुख यांस,

विषय : एम.टेक. (सायबर सुरक्षा) च्या विद्यार्थ्यांकडून मागितलेले हमीपत्र

स. न. वि. वि.

गेल्या महिन्यात आपल्या कार्यालयातून एक परिपत्रक निघाले. विद्यापीठाच्या आवारात, वसतिगृहात किंवा विद्यापीठाच्या वाय-फायवर नेटवर्क स्कॅनिंग (नेटवर्कवर कोणती यंत्रे आणि सेवा चालू आहेत ते शोधणे) किंवा पॅकेट कॅप्चर (नेटवर्कवरून जाणारा डेटा टिपून घेणे) करणाऱ्या, अथवा 'हॅकिंगसाठी वापरता येईल असे कोणतेही सॉफ्टवेअर' बाळगणाऱ्या विद्यार्थ्यावर शिस्तभंगाची कारवाई होईल, असे त्याच्या तिसऱ्या परिच्छेदात म्हटले आहे. सोबत हमीपत्राचा नमुना जोडला आहे. त्यावर विद्यार्थ्याची आणि पालकाची सही हवी, नसेल तर हॉल तिकीट मिळणार नाही. (माझ्या बाबतीत पालक म्हणून सही कोणी करायची, सासऱ्यांनी की तिसरीतल्या मुलीने, याचा खुलासा परिपत्रकात नाही.) परिपत्रक फलकावर लागले त्याच दुपारी लॅब असिस्टंटनी एकेका मशिनवरून स्कॅनिंगचे एनमॅप आणि पॅकेट टिपणारे वायरशार्क काढून टाकले. दारावर 'सायबर सिक्युरिटी लॅब' अशी पाटी असलेल्या खोलीत आता ब्राउझर, वर्ड आणि सी चा कंपायलर एवढेच उरले आहे.

विभागात अर्ज दिला, आवक क्रमांकाचा शिक्का मिळाला, उत्तर मिळाले नाही. म्हणून हे पत्र सर्वांसमोर. विद्यापीठाचे नाव मुद्दाम लिहीत नाही. आपल्याला ते ठाऊक आहे, आणि राज्यात इतरत्र हाच अभ्यासक्रम करणाऱ्यांना आपापल्या कॉलेजचे नाव त्या जागी घालता येईल, अशी मला भीती आहे.

मी या अभ्यासक्रमाला का आले ते आधी सांगते. त्याआधी मी एका नागरी सहकारी बँकेच्या आयटी विभागात होते. विभाग म्हणजे आम्ही तिघे. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेवर हल्ला झाला, तेव्हा आमच्यासारख्या लहान बँकांमध्ये काय वातावरण होते ते मी आतून पाहिले आहे. ११ ऑगस्टच्या शनिवारी हल्लेखोरांनी उभा केलेला बनावट स्विच (एटीएम व्यवहार मंजूर करणारी यंत्रणा), बँकेच्या मूळ यंत्रणेला न विचारता, एटीएममधून पैसे काढायला परस्पर मंजुरी देत गेला. क्लोन केलेल्या कार्डांनी २८ देशांतून पैसे निघाले आणि सोमवारी स्विफ्ट या बँकांमधल्या आंतरराष्ट्रीय संदेश-यंत्रणेमार्गे आणखी रक्कम हाँगकाँगला गेली. एकूण सुमारे ९४ कोटी रुपये. त्यानंतर ऑक्टोबर २०१८ मध्ये रिझर्व्ह बँकेने नागरी सहकारी बँकांसाठी सायबर सुरक्षेची प्राथमिक चौकट आणली आणि ३१ डिसेंबर २०१९ च्या परिपत्रकाने बँकांची चार स्तरांत वर्गवारी करून स्तरागणिक नियम वाढवले. ऑडिटर यादी घेऊन यायचे. फायरवॉलचे लॉग (नोंदी) ठेवता का? ठेवतो. कोण बघते? यावर आम्ही तिघे एकमेकांकडे बघायचो. लॉगमधली कुठली ओळ रोजची आणि कुठली धोक्याची, हे सांगेल असे आमच्यात कोणीच नव्हते. ते शिकायचे म्हणून मी नोकरी सोडून, घरच्यांना समजावून, इथे प्रवेश घेतला. माझ्या वर्गात सैन्यातून निवृत्त झालेले एक गृहस्थ आहेत, पोलिस भरतीची तयारी सोडून आलेली एक मुलगी आहे, आणि गेट ही प्रवेश परीक्षा देऊन एआयसीटीईच्या दरमहा १२,४०० रुपयांच्या विद्यावेतनात खोलीचे भाडे आणि मेस भागवणारी मुले आहेत. हौस म्हणून आलेला कोणी नाही.

आता तक्रारी.

पहिली गोष्ट, परिपत्रक आणि अभ्यासक्रम या दोहोंवर आपलीच मोहोर आहे आणि दोन्ही एकमेकांना छेद देतात. विद्यापरिषदेने मंजूर केलेल्या पहिल्या सत्राच्या प्रॅक्टिकलमध्ये पोर्ट स्कॅनिंग आहे, पॅकेटचे विश्लेषण आहे. दुसऱ्या सत्रात वेब ॲप्लिकेशनमधल्या त्रुटी शोधणे आहे. ही साधने काही गुप्त शस्त्रे नव्हेत. एनमॅप १९९७ पासून आणि वायरशार्क, तेव्हा इथिरियल या नावाने, १९९८ पासून जगभरचे नेटवर्क ॲडमिन उघडपणे वापरत आले आहेत. आपल्याच विद्यापीठाचे नेटवर्क सांभाळणारे सरही वापरतात. परिपत्रकाचा शब्दशः अर्थ लावला तर नेटवर्क चालू आहे का ते बघायच्या पिंग आणि ट्रेसरूट या साध्या कमांडही हॅकिंगसाठी वापरता येतात, आणि ब्राउझर तर नक्कीच. परीक्षेला एक्स्टर्नल येतील, 'स्कॅन करून दाखवा' म्हणतील. तेव्हा परिपत्रक पाळायचे की अभ्यासक्रम?

दुसरी गोष्ट मला सगळ्यांत जास्त खटकते, म्हणून जरा सविस्तर लिहिते. प्रॅक्टिकल होत नाहीत, पण जर्नल मात्र पूर्ण हवे. टर्म वर्कचे गुण त्यावर आहेत. मग काय होते? मागच्या बॅचच्या जर्नलची पीडीएफ फिरते. डिजिटल फॉरेन्सिक्सच्या प्रयोगात पेन ड्राइव्हची इमेज (जशीच्या तशी डिजिटल नक्कल) घ्यायची, तिचा हॅश (मजकुरावरून निघणारा, बोटाच्या ठशासारखा संकेत) काढायचा, इमेज ऑटोप्सी या तपासाच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडायची आणि डिलीट केलेली फाइल शोधायची असते. आमच्या वर्गातल्या प्रत्येकाच्या जर्नलमध्ये या प्रयोगाचा जो स्क्रीनशॉट आहे, त्यात कमांड प्रॉम्प्टवर कधीच पास होऊन गेलेल्या एका सीनिअरचे नाव दिसते. मागे विंडोज ७ चा निळा डेस्कटॉप आहे आणि कोपऱ्यात २०१९ ची तारीख. साऱ्या वर्गाचा हॅश शेवटच्या अक्षरापर्यंत एकच. दोन वेगळ्या पेन ड्राइव्हच्या इमेजचा हॅश एकच येणे व्यवहारात अशक्य, हे आम्ही ओरलमध्ये पाठ म्हणून दाखवतो आणि तेच अशक्य जर्नलात चिकटवतो. ही जर्नले तपासली जातात, सही होते, गुण मिळतात. पुराव्याची शुद्धता शिकवणाऱ्या विषयाची संपूर्ण फाइल बनावट पुराव्याची आहे, आणि त्यावर आक्षेप घ्यावा असे कोणाला वाटत नाही.

याचा संबंध थेट न्यायालयाशी आहे. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीनंतर जालन्यात वाद झाला. उमेदवारी अर्ज दुपारी तीनच्या मुदतीत दाखल झाला की नंतर, हे निवडणूक अधिकाऱ्यांच्या कार्यालयातल्या व्हिडिओ चित्रीकरणावरून ठरवायचे होते. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले, आणि खोतकर विरुद्ध गोरंट्याल या खटल्यात १४ जुलै २०२० रोजी न्यायालयाने स्पष्ट केले की मूळ उपकरणच हजर केले नसेल, तर इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत कायद्याने सांगितलेले प्रमाणपत्र लागतेच. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात तर या प्रमाणपत्राचे दोन भाग आहेत, हॅश कोणत्या पद्धतीने काढला ते त्यात लिहायचे आहे, आणि दुसरा भाग तज्ज्ञाने भरायचा आहे. हा तज्ज्ञ कोठून येणार? आमच्यासारख्यांतूनच. ज्याने आयुष्यात एकदाही स्वतःच्या हाताने इमेज घेतलेली नाही, अशा पदव्युत्तर तज्ज्ञाच्या सहीवर कोणी तुरुंगात जाईल किंवा कोणी सुटेल. बचाव पक्षाच्या वकिलाने उलटतपासणीत 'राइट ब्लॉकर लावला होता का' (मूळ पुराव्यात काही लिहिले जाऊ न देणारे उपकरण) एवढे विचारले, तरी आमच्यातले अर्धे गडबडतील.

तिसरी गोष्ट परिपत्रकाच्या मुळाशी आहे. गेल्या सत्रात माझ्या एका वर्गमित्राने निकालाच्या पोर्टलवर स्वतःची गुणपत्रिका उघडली. वरच्या पत्त्याच्या शेवटी एक आकडा होता. तो एकाने वाढवला, तर पुढच्या विद्यार्थिनीची गुणपत्रिका उघडली : आईचे नाव, मोबाइल क्रमांक, जातप्रवर्ग, सगळे. त्याने पान बंद केले आणि त्याच संध्याकाळी परीक्षा विभागाला स्वतःच्या विद्यापीठाच्या ईमेलवरून, नाव आणि पीआरएन (विद्यापीठाचा नोंदणी क्रमांक) लिहून, कळवले. ही त्रुटी इतकी नेहमीची आहे की ओडब्ल्यूएएसपी या वेब-सुरक्षेच्या संस्थेच्या २०२१ च्या धोक्यांच्या यादीत तिच्या वर्गाला पहिला क्रमांक आहे, आणि ती आमच्या अभ्यासक्रमात आहे. उत्तरादाखल त्याला कारणे दाखवा नोटीस मिळाली. त्यात माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६६ कलमाचा उल्लेख आहे. त्यानंतर थोड्याच दिवसांत परिपत्रक निघाले.

मी वकील नाही, पण हा कायदा आम्हाला एका पेपरला आहे. कलम ४३ संगणकाच्या मालकाच्या किंवा प्रभारी व्यक्तीच्या परवानगीशिवाय केलेल्या गोष्टींविषयी बोलते. कलम ६६ लागू व्हायला अप्रामाणिकपणा किंवा फसवणुकीचा हेतू लागतो. स्वतःचे नाव आणि पीआरएन टाकून कळवणाऱ्याचा हेतू काय असेल, हे ठरवायला समितीची गरज पडू नये. त्या गुणपत्रिका किती दिवस उघड्या होत्या, किती जणांनी पाहिल्या, पोर्टलचे लॉग आहेत का, ज्यांच्या होत्या त्यांना कळवले का, हे प्रश्न नोटिशीत नाहीत. सर्ट-इन या सायबर घटनांसाठीच्या केंद्रीय यंत्रणेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार डेटा गळतीसारखी घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवायची असते आणि लॉग १८० दिवस जपायचे असतात. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात पुरेशी सुरक्षा न ठेवणाऱ्यासाठी २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. आपल्याला या तरतुदींची भीती वाटायला हवी होती. ती वाटली एका विद्यार्थ्याच्या ईमेलची. पोर्टलवरची त्रुटी आता बुजवली आहे की नाही, मला ठाऊक नाही. मी तपासलेले नाही आणि तपासणारही नाही, नोटीस कशी मिळते ते पाहिले आहे.

चौथी गोष्ट डिझर्टेशनची. नेटवर्कवरचा डेटा गोळा करता येत नाही, लॅबमध्ये हल्ला घडवून आणता येत नाही, म्हणून सिनॉप्सिस (प्रबंधाचे आराखडे) सगळे एकाच वाटेने जातात : एनएसएल-केडीडी हा नेटवर्कवरच्या हल्ल्यांचा तयार डेटासेट उतरवून घ्यायचा, त्यावर मशीन लर्निंगचे दोन-तीन अल्गोरिदम चालवायचे आणि नव्व्याण्णव टक्के अचूकता दाखवायची. त्या डेटासेटच्या तळाशी १९९८ मध्ये अमेरिकेत एका प्रयोगासाठी कृत्रिमरीत्या तयार केलेली नेटवर्क वाहतूक आहे. तेव्हा वर्गातल्या बहुतेकांचा जन्मही झालेला नव्हता. त्यात ना यूपीआय आहे, ना मोबाइल, ना रॅन्समवेअर (डेटा कुलूपबंद करून खंडणी मागणारे सॉफ्टवेअर). नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या एम्समध्ये रॅन्समवेअरने सर्व्हर बंद पाडले आणि रुग्णांची नोंदणी कित्येक दिवस हाताने कागदावर करावी लागली. असे काही वेळेत ओळखण्याशी या डिझर्टेशनांचा काडीचा संबंध नाही. गाईडनाही हे माहीत आहे. त्यांचाही नाइलाज आहे.

शिक्षकांबद्दल थोडक्यात. फॉरेन्सिक्स शिकवणारे सर तासिका तत्त्वावर होते. सत्राच्या मध्यावर त्यांना कंपनीत नोकरी लागली आणि ते गेले. त्यांना दोष देणार नाही, तासिका तत्त्वाच्या मानधनावर घर चालत नाही. विषय आला एम्बेडेड सिस्टिमच्या मॅडमकडे. त्या रात्री व्हिडिओ बघून सकाळी शिकवतात आणि तसे प्रांजळपणे सांगतात. सिलॅबसबद्दलही फार बोलत नाही. डीईएस ही माहिती सांकेतिक करण्याची जुनी पद्धत शिकवण्याला माझी हरकत नाही, फाइस्टेल ही तिच्या मुळाशी असलेली रचना त्यातूनच नीट कळते. पण मानक म्हणून ते २००५ मध्येच मागे घेतले गेले आणि आम्ही अजून प्रत्येक परीक्षेत त्याची आकृती दहा गुणांसाठी काढतो. वेबसाइटशी होणारा संवाद सुरक्षित ठेवणारे २०१८ चे टीएलएस १.३ मात्र 'वेळ उरल्यास'.

आपली बाजूही मला दिसते. उद्या एखाद्या मुलाने वसतिगृहातून बाहेरच्या सर्व्हरवर काही उद्योग केला, तर पोलिस विद्यापीठाच्या आयपी पत्त्यावर येणार. गेल्या काही वर्षांत डिजिटल अरेस्टच्या नावाखाली म्हातारी माणसे लुबाडली गेली, त्यामुळे सायबर हा शब्द ऐकला की लोक दचकतात. कॅम्पसच्या चालू नेटवर्कवर बेफिकीरपणे स्कॅन लावला तर जुना प्रिंटर किंवा हजेरीचे यंत्र बंद पडू शकते, हेही खरे. त्यावर बंधन हवेच. पण या क्षेत्रात ते बंधन कसे घालतात, हे ठरलेले आहे. कोणतीही कंपनी चाचणीला हात लावण्याआधी कागद करते. कोणती यंत्रे, कोणत्या वेळेत, कोणत्या पद्धतीने, काय करायचे नाही, काही बिघडले तर कोणाला फोन करायचा, आणि खाली मालकाची सही. त्या कागदाशिवाय केले तर गुन्हा, त्या कागदासह केले तर नोकरी. कायद्याची सगळी मदार ज्या परवानगीवर आहे, ती आमच्या लॅबपुरती देऊ शकणारी व्यक्ती आपणच आहात. आपण ती देण्याऐवजी साधनेच काढून घेतली.

खर्चाचा प्रश्न येईल म्हणून तेही सांगते. दुसऱ्या मजल्यावरच्या स्टोअरमध्ये बदलून ठेवलेले पीसी धूळ खात पडले आहेत. त्यातल्या चांगल्या दहांमध्ये रॅम वाढवून १६ जीबी करावी. आता लॅबमध्ये ४ जीबी आहे, तिच्यावर दुसरे व्हर्च्युअल मशीन (संगणकाच्या आत चालणारा आभासी संगणक) सुरू केले की माऊससुद्धा हलत नाही. एक साधा नेटवर्क स्विच (संगणक एकमेकांना जोडणारे उपकरण) घ्यावा आणि त्याला कॅम्पसच्या नेटवर्कची केबल जोडू नये. एवढेच. आभासी संगणक चालवणाऱ्या व्हर्च्युअलबॉक्सच्या 'इंटर्नल नेटवर्क' प्रकारात तर पॅकेट त्या संगणकाबाहेरही जात नाही. हल्ला करायला मुद्दाम कच्ची ठेवलेली मेटास्प्लॉइटेबलसारखी यंत्रे फुकट मिळतात. अमेरिकेतल्या सिरॅक्यूज विद्यापीठातून सुरू झालेले सीड लॅब्जचे प्रयोग सूचनांसह कोणालाही उतरवून घेता येतात. केंद्र सरकारचा माहिती सुरक्षा शिक्षणाचा आयएसईए प्रकल्प २००५ पासून चालू आहे. पुण्यात सी-डॅक ही सरकारी संगणक संशोधन संस्था आहे, गिरीनगरला डीआयएटी ही संरक्षण तंत्रज्ञानाची संस्था आहे, तिथल्या लोकांना एकदा बोलावून लॅब कशी मांडावी ते विचारता येईल. आम्ही दर सत्राला प्रयोगशाळा शुल्क भरतोच.

आमच्या मागण्या अशा :

१. परिपत्रकाचा तिसरा परिच्छेद आणि हमीपत्र मागे घ्यावे. त्याऐवजी लॅबसाठी लेखी परवानगीचा नमुना लागू करावा. कॅम्पसच्या चालू नेटवर्कवर आणि बाहेरच्या कोणत्याही यंत्रणेवर परवानगीविना काही करायचे नाही, अशी अट त्यात स्पष्ट घालावी. त्यावर सही करायला आमची एका पायावर तयारी आहे.

२. वेगळ्या नेटवर्कची लॅब या सत्रातच सुरू करावी. नवी इमारत, उद्घाटन, फीत यांची वाट पाहू नये.

३. वर्गमित्राची नोटीस लेखी मागे घ्यावी आणि त्याच्या नोंदीत तिचा मागमूस राहू नये. ज्यांच्या गुणपत्रिका उघड्या होत्या त्यांना तसे कळवावे.

४. त्रुटी कळवण्यासाठी विद्यापीठाने एक ईमेल पत्ता आणि एक पानाचे धोरण संकेतस्थळावर ठेवावे : काय तपासलेले चालेल, काय चालणार नाही, कळवल्यावर किती दिवसांत उत्तर येईल, आणि चांगल्या हेतूने कळवणाऱ्यावर कारवाई होणार नाही. यासाठी सिक्युरिटी डॉट टेक्स्ट नावाच्या साध्या फाइलचे मानक २०२२ पासून आहे. ती करायला आमच्यातल्या कोणालाही दहा मिनिटे पुरतील.

५. जे प्रयोग झालेच नाहीत, त्यांची जर्नले तपासू नयेत. प्रॅक्टिकल परीक्षा प्रयोग झाल्यानंतर घ्यावी. वेळापत्रक पुढे गेले तरी चालेल, माझ्यासारख्या नोकरी सोडून आलेल्यांनाही चालेल.

६. फॉरेन्सिक्ससाठी पूर्णवेळ शिक्षक मिळेपर्यंत क्षेत्रात काम करणाऱ्या व्यक्तीचे आठवड्याला किमान एक सत्र ठेवावे.

पहिल्या मागणीतल्या परवानगीपत्राचा मसुदा आम्ही पाच जणांनी बसून तयार केला आहे. दीड पान झाले आहे. त्यात यंत्रांची यादी, लॅबच्या वेळा, जबाबदार शिक्षकांचे नाव लिहायची जागा आणि नियम मोडल्यास होणारी कारवाई, सगळे आहे. विभागाच्या कार्यालयात तो आवक करून दिला आहे. हमीपत्राची मुदत महिनाअखेर संपते. द्वितीय वर्षातल्या आम्ही कोणीही त्यावर सही केलेली नाही, आणि मसुद्यावर आपल्याशी समोरासमोर चर्चा होईपर्यंत करणार नाही. भेटीची वेळ आपण सांगाल ती. सोमवार ते शुक्रवार दुपारी दोननंतर आम्हाला लॅबचा तास असतो. सध्या त्या वेळेत आम्ही मोकळेच असतो.

कळावे, लोभ असावा.

आपली,
एक विद्यार्थिनी, एम.टेक. (सायबर सुरक्षा), द्वितीय वर्ष